मौनावर वाजलेली घंटा

संतापाने माझा चहा गार झाला, आणि माझ्या बाबतीत ही साधी घटना नव्हे. निरनिराळ्या धर्मांतल्या गूढानुभवावर चर्चासत्र होतं. अध्यक्ष सूफींपासून नाथपंथीयांपर्यंत सगळ्यांच्या मौनावर पाऊण तास बोलले. वेळ संपल्याची पितळी घंटा त्यांच्याच हाताशी होती, पण स्वतःसाठी ती वाजली नाही. मग त्यांनी दर्ग्याचं अंगण रोज झाडणाऱ्या शेवंताबाईंना पुढे बोलावलं.

"बाई, तिथे काय अनुभव येतो ते सांगा. दोनच मिनिटं हं!"

बाईंनी पदर सावरला, डोळे मिटले आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. सभागृह हळूहळू इतकं शांत झालं, की शेजाऱ्याच्या कानाशी लागलेला मीसुद्धा गप्प झालो. पाऊण तासात जे कळलं नव्हतं, ते आता कळेल असं वाटलं, तोच टण्ण!

"वेळ संपली, बाई. काहीतरी बोलायचं होतंत की!"

अहो, साक्षात देव दारात आला असता, तर यांनी त्यालाही घड्याळ दाखवलं असतं! मी ओरडायला उठलोच होतो. पण बाईंनी डोळे उघडले, त्या घंटेलाच मनोभावे हात जोडले आणि त्या शांतपणे खाली उतरल्या. अध्यक्ष मात्र घंटा धरून उभेच. ती आता कुठे ठेवावी, हे त्यांना कळेना.