गाडी फक्त मागं जाते

मित्रांनो, सकाळपासून डोकं चालत नाय, म्हणून इथं लिहितोय.

नामदेव काकांची मेंढी काल संध्याकाळपासून विताना अडली होती. काकांना आणि मेंढीला माझ्या पिकअपमध्ये घेऊन गंगापूरहून शहरातल्या जनावरांच्या दवाखान्याकडं निघालो. अर्ध्या वाटेत गाडी थांबली. इंजिन चालू, पण गाडी पुढं जाईना. रिव्हर्स टाकला तर मागं जायची.

मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसलेले काका म्हणाले, "चालू हाय की गाडी. मग जात का नाय?"

मेकॅनिक आला. गियरबॉक्सचं ऑइल बोटावर घेऊन दाखवलं. काळं, जळका वास. "हे जळलं, म्हणून पुढचा गियर पकडत नाय. ऑटोमॅटिक गाडीला हे इंजिनच्या ऑइलपेक्षा वेगळं असतं. ओझं वाहता, तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलायचं. कधी बदललं होतं?"

दर दसऱ्याला मी गॅरेजवाल्याला सांगायचो, "ऑइल बदलून दे." तो इंजिनचं बदलायचा. मला वाटायचं, सगळं झालं.

शेवटी एका टेम्पोवाल्यानं काकांना आणि मेंढीला नेलं. टेम्पोत चढताना काका रागावले नाहीत. एवढंच बोलले, "मी मेंढरांना दरसाल पावसाच्या आधी जंताचं औषध पाजतो. एक साल चुकलो नाय. तू गाडीला काय देतो?"

"दसऱ्याला हार घालतो," मी म्हणालो.

तीन तास झाले, काका फोन उचलत नाहीत. मी अजून गाडीपाशीच आहे. तुम्ही तुमच्या गाडीला हाराशिवाय काय देता?