एका पड़रियाची तीन गावं

कॉलेजनं आकडेमोडीच्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना बंद केला तेव्हा माझा पीएचडीचा प्रबंध अर्ध्यावर होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी लगेच तोडगा काढला. "विजय नगर में एक बंदा है, क्रैक करके डाल देता है. सब वही करते हैं, मैडम."

मी तडकलेच. प्रबंधावर नाव माझं आणि आतलं काम चोरीच्या प्रतीवर! "नहीं सर, मैं पायथन में करूँगी," मी म्हणाले. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आणि तिच्या जोडीची गणिताची साधनं फुकट मिळतात आणि ती आत काय करतात ते कुणालाही उघडून वाचता येतं, हे मी त्यांना समजावत होते. त्यांनी 'फुकट' एवढंच ऐकलं.

"ठीक है. पर गड़बड़ हुई तो कुओं वाला चैप्टर हटाना पड़ेगा."

विहिरींचं ते प्रकरण म्हणजे माझ्या प्रबंधाचा जीव होता. जबलपूरच्या आसपासच्या गावांत उन्हाळ्यात विहिरींचं पाणी किती खोल जातं, ते दरवर्षी कसं खाली सरकतंय, हे त्यात होतं. ते काढलं असतं तर उरलं असतं ते सगळं आधीच कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं. मी ते काढणार नव्हते.

नोंदी हिंदीत होत्या. काही सरकारी कचेरीतून टाइप होऊन आल्या, काही मी घरी केल्या. माझा हात दुखायला लागला तेव्हा बाकीच्या नोंदी आईनं केल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला कामाची हौस फार. सगळं एकत्र करून मी पहिला आलेख काढला आणि सरांना दाखवायला नेला. त्यात पड़रिया नावाचं गाव तीनदा आलं होतं. बड़खेराचंही तेच. एकाच विहिरीचं पाणी तीन ठिकाणी वाटलं गेलेलं.

सर मनसोक्त हसले. "आपके पायथन ने तो गाँव पैदा कर दिए!"

मी सिविल लाइंसला घरी आले, लॅपटॉप उघडला आणि हटून बसले. तीनपैकी दोन पड़रिया पडद्यावर हुबेहूब सारखी दिसत होती. मग मी त्या नावांची अक्षरं सुटी करून बघितली. कचेरीच्या नोंदींत ड़ हे एकच अक्षर होतं. माझ्या कीबोर्डनं आधी ड आणि मग त्याच्याखाली टिंब अशी दोन अक्षरं घातली होती. डोळ्याला एक, संगणकाला दोन. आणि तिसऱ्या गावात टिंबच नव्हतं, सरळ 'पडरिया'.

तिसरं कुणाचं हे विचारायची गरज नव्हती. आई माहेरची नागपूरची. आपण घोडा लिहितो, इथले घोड़ा लिहितात. पण लग्नानंतरची सारी वर्षं इथं काढूनही तिनं ते टिंब कधी मानलं नाही.

"आई, ड खाली टिंब काहून नाही लावलं?"

"मराठीत लावतेत काय? अन् एका टिंबानं गाव बदलते काय बाई? तुझ्या त्या पायथनला सांग न!"

मला राग आला आणि हसूही आलं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पायथनही चुकलं नव्हतं. आम्ही तिघांनी वेगवेगळं लिहिलं, त्यानं वेगवेगळं मोजलं. पहिली दोन रूपं एक करायची सोय त्यात होतीच. आईच्या नावांसाठी मात्र मी स्वतः छोटा प्रोग्राम लिहिला. तो टिंब सोडून नावं जुळवायचा, पण एकाच नावाची गावं दोन तहसिलींत असू शकतात म्हणून तहसील ताडून बघितल्याशिवाय दोन गावं एक करायचा नाही. मग नोंदी आणि प्रोग्राम, सगळं इंटरनेटवर खुलं ठेवलं. ज्याला शंका असेल त्यानं स्वतः चालवून बघावं. सरांना हे अजिबात आवडलं नाही. "अपनी गलतियाँ भी दिखा रही हैं?" हो, तीही दाखवत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या एक परीक्षक बाई आल्या. त्यांनी माझ्या स्लाइड मध्येच थांबवल्या, स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि आमच्यासमोर माझा प्रोग्राम चालवला. सर छताच्या पंख्याकडे बघत होते. काही क्षणांत बाईंच्या पडद्यावर तोच आलेख आला. पड़रिया एकदाच, आणि पाण्याची तीच खाली जाणारी रेघ.

बाईंनी त्या रेघेवर बोट टेकवलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मई में तो यहाँ कुआँ सूखा है. फिर ये लोग पानी कहाँ से लाते हैं?"

मला हाच प्रश्न हवा होता. मी गावागावांचं सांगत सुटले. त्यानंतर सॉफ्टवेअरचं नाव कुणी काढलं नाही. परीक्षेची वेळ उलटून गेली तरी आम्ही दोघी पाण्यावरच वाद घालत होतो.