दोन विहिणी, एक बॉल

मुलाचं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या खारघरच्या गोल्फ मैदानावर बायकांच्या जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. मी कोणालाही न विचारता माझ्या नावापुढे विहीणबाईंचं नाव लिहून टाकलं.

घरी सांगितल्यावर मुलगा जेवता जेवता थांबला. "आई, प्लीज. तुम्ही दोघी एका टीममध्ये? उगाच टेन्शन. काही झालं तर त्रास आम्हाला."

"काय होणारे?" मी म्हटलं. सुनेने पानातली आमटी भातावर ओढली आणि खाली बघत जेवत राहिली.

गोल्फ आमच्या घरात आलं ते लोखंडामुळे. यजमानांचा कळंबोलीला लोखंड बाजारात गाळा. मोठ्या ऑर्डरी म्हणे गोल्फच्या मैदानावर ठरतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी मेंबरशिप घेतली, भलीमोठी बॅग आणली, थोडे दिवस गेले, कंबर धरली आणि सोडून दिलं. बॅग पॅसेजमध्ये उभी. येता-जाता पायात यायची. एक दिवस वैतागून मीच ती उचलली आणि मैदानावर गेले. मी कराडकडची. शाळेत गोळाफेक करायचे. खांद्यात जोर होताच, त्याला तीस वर्षं काही काम नव्हतं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, पहिल्यांदा नीट लागली तेव्हा बॉल इतका लांब गेला की शेजारी खेळणारे गृहस्थ वळून बघायला लागले. सरळ नव्हता गेला, पण लांब गेला. त्या दिवसापासून मी सुटले नाही.

विहीणबाई ऐरोलीच्या. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीत असताना बँकेच्या टेबल टेनिस संघात होत्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा टेबल टेनिस सोडलं आणि गोल्फ धरलं. लग्नाच्या पहिल्या बैठकीतच हे कळलं, आणि पत्रिका निघायच्या आधी आम्ही एकमेकींना हँडिकॅप, म्हणजे खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, विचारला. त्यांचा फटका लांब जायचा नाही. पण ग्रीनजवळ, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक हिरवळीजवळ, आल्या की बघत राहावं. वेज, म्हणजे जवळच्या फटक्याची तिरप्या तोंडाची काठी, हातात घेऊन मनगटाने असा काही कट द्यायच्या की बॉल वर उठायचा, ग्रीनवर पडायचा आणि कोणी दटावल्यासारखा जागीच थांबायचा.

म्हणूनच मी त्यांचं नाव लिहिलं होतं. मी लांब मारणार, त्या जवळ घालणार. हिशेब सोपा वाटला होता.

स्पर्धेचा प्रकार असा होता की जोडीला एकच बॉल. एक फटका मी मारायचा, पुढचा त्यांनी, परत मी. ज्या जोडीचा बॉल कमी फटक्यांत खड्ड्यात जाईल, तो होल तिचा. नऊ होलांत जास्त होल जिचे, ती जोडी पुढच्या फेरीत. आणि शेवटी एक नियम होता, जो मी नाव देताना वाचलाच नव्हता: सुरुवातीला ज्या कंपनीचा आणि ज्या जातीचा बॉल घ्याल, तोच फेरी संपेपर्यंत वापरायचा. मध्ये बदल नाही.

इथे अडचण होती. मी वापरायचे तो बॉल सपाट उडायचा. ड्रायव्हरने मारला की त्याला फिरकी कमी लागते, त्यामुळे माझा बॉल उजवीकडे वळायची जी खोड होती ती त्याच्यात दबून जायची. वाऱ्यातही तो गपगुमान पुढे जायचा. विहीणबाईंचा बॉल बरोबर उलटा. उंच चढणारा, मऊ आवरणाचा, भरपूर फिरकी घेणारा. त्यांच्या वेजखाली तो सोनं होता. दोन्ही महागातले, दोन्ही चांगले. पण माझ्या हातात त्यांचा बॉल झाडीत जायचा आणि त्यांच्या हातात माझा बॉल थांबायचा नाही.

"कोणता घ्यायचा?" मी फोनवर विचारलं.

"तुम्ही म्हणाल तो," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, तुमचा घेऊ या का? शेवटचं काम तुमचं आहे."

"छे छे, तुमचाच घेऊ. मला काय, कुठलाही चालतो."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मला बरं वाटलं, हे खरं. आपला बॉल आपल्याला सवयीचा असतो. शनिवारी सकाळी आम्ही माझा बॉल घेऊन सरावाला उतरलो. समोर ओळखीच्या दोघीजणी होत्या. मी टीवरून, म्हणजे होलची सुरुवात होते त्या जागेवरून, छान मारत होते. पण विहीणबाईंची वेज लागली की बॉल ग्रीनवर पडून टुणटुण पळत सुटायचा तो मागच्या गवतात. मग मी तिथून काहीतरी वेडंवाकडं मारायचे, परत त्यांच्यावर ओझं. डिसेंबरातली ग्रीन, पाणी कमी, जमीन कडक. एकही होल हातात आला नाही. दर वेळी त्या हसून म्हणायच्या, "माझंच चुकलं."

पाचव्या होलला मी पुढे जाऊन खड्ड्यातला झेंडा काढत होते. सहज मागे वळून बघितलं. विहीणबाईंनी खिशातून स्वतःचा बॉल काढला, तो त्याच जागी टाकला आणि तोच फटका पुन्हा मारला. बॉल उठला, पडला, एक उडी मारली आणि खड्ड्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पटकन पुढे येऊन तो उचलला आणि खिशात टाकला.

सराव संपला. समोरच्या दोघी चहाला गेल्या. मी विहीणबाईंना पार्किंगमधल्या झाडाखाली गाठलं.

"मघाशी बघितलं मी," मी म्हटलं. "खिशातला बॉल."

त्या लाजल्या. "अहो, सहज. सवय."

"सहज नाही. तुम्हाला माझा बॉल चालत नाही. मग फोनवर का नाही सांगितलंत?"

त्या जरा वेळ किल्ली बोटात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मुलीची आई आहे. बँकेत मी चारशे लोकांसमोर मॅनेजरला नाही म्हणाले आहे. पण तुम्हाला नाही म्हणताना जीभ वळत नाही. आमची पोर तुमच्या घरात आहे."

मला राग आला. त्यांच्यावर नाही, कशावर ते नीट सांगता येत नाही. लग्नात मानाच्या साड्या, पाय धुणं, सगळं आम्ही नको म्हणून बंद केलं होतं. मला वाटलं होतं विषय संपला. आणि इथे ही हुशार बाई एका बॉलसाठी माझ्यापुढे मान खाली घालत होती.

"बरं," मी म्हटलं. "मग आता असं करायचं. मान घरी ठेवायचा. बॉल मैदानावर ठरवायचा. दोन्ही बॉल घेऊन यायचे, मारून बघायचे, जे दिसेल ते तोंडावर बोलायचं. मीही आणि तुम्हीही. नाहीतर नाव मागे घेऊ."

"नाव मागे नाही घ्यायचं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बँकेतला झाला होता.

सोमवारपासून आम्ही सकाळी भेटायला लागलो. डोंगराची सावली मैदानावर असायची तोवर. आम्ही ग्रीनपासून उलट्या मागे येत गेलो. आधी अगदी जवळून, मग वेजच्या अंतरावरून, मग टीवरून. जवळच्या फटक्यांत त्यांचा बॉल इतका सरस होता की वादच नव्हता. माझ्यासारखीच्या हातूनसुद्धा तो थांबत होता. त्या माझ्या बॉलने जमिनीलगत पळवायचा फटकाही मारून बघत होत्या, पण ग्रीनसमोर वाळूचा खड्डा असला की पळवणार कुठून?

मग आम्ही टीवर आलो. त्यांचा बॉल, माझा ड्रायव्हर. पहिला उजवीकडे झाडीत. दुसराही. तिसरा तर झाडीच्याही पलीकडे.

"बोला," मी म्हटलं.

त्यांनी श्वास घेतला. "बोलते. तुम्ही झाडीत घातलात की माझी फिरकी मी कोणाला दाखवू? वानरांना?"

मी हसले, पण लागलं. "मग माझा बॉल घेऊ या."

"नको," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर सोडा."

"काय?"

"ड्रायव्हर सोडा. पाच नंबरचा वूड घ्या. त्याचं तोंड वर बघतं, बॉल उंच जाईल, पण आडवा कमी वळेल. टेबल टेनिसच्या बॅटीचा कोन बदलला की चेंडूची चाल बदलते, तसंच आहे. लांब कमी जाईल. आपल्याला लांब नकोय, दिसेल तिथे हवाय."

ड्रायव्हर म्हणजे माझी या मैदानावरची ओळख होती. पुरुष मेंबर्स थांबून बघायचे. मी गाडीत बसून घरी आले. दिवसभर धुसफुसत होते. रात्री यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुझ्या दणक्याचं काय? त्याच्याशिवाय तुझ्या खेळात आहे काय?" त्यांना चिडवायचं होतं. पण ते ऐकलं आणि माझं ठरलं. दणक्याशिवाय माझ्या खेळात काय आहे, हे मलाच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हर बॅगेतून काढून पॅसेजच्या कपाटात ठेवला, म्हणजे मैदानावर मोह नको.

पाच नंबरच्या वूडने मला आधी अजिबात जुमानलं नाही. मी जोरात मारायचे आणि बॉल आभाळात चढून तिथेच पडायचा. विहीणबाई मागे उभ्या राहून म्हणायच्या, "अर्धा. अर्धाच मारा." गोळा फेकणाऱ्या बाईला अर्धा मारायला सांगणं म्हणजे काय, ते मला विचारा. खांद्याला ओरडून ओरडून गप्प करावं लागलं. हळूहळू बॉल फेअरवेवर, मधल्या कापलेल्या गवतावर, पडायला लागला. अगदी मधोमध नाही, पण दिसेल तिथे.

त्या दिवसांत आमचं बोलणंही बदललं. एका सकाळी थर्मासमधला चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "आता बोलायचं ठरलंय म्हणून सांगते. आमच्या मुलीला तुमच्याकडचं तिखट सोसत नाही. लग्न झाल्यापासून गप्प खाते आहे."

मला सुनेचं ते खाली बघून जेवणं आठवलं. "मला का नाही सांगत ती?"

"कारण ती माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. त्या संध्याकाळी मी आमटीत मसाला घालायच्या आधी एक वाटी वेगळी काढली. सून बघत होती. त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी स्पर्धा होती. पहिला सामना सकाळचा, वारा नव्हता. समोर आमच्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण जोडी, आयटीतली. त्या दोघींनी आधी दोन होल पटापट घेतले. विहीणबाई माझ्याजवळ आल्या. "घाबरलात?"

"हो."

"मीही. अर्धा मारा."

मी अर्धा मारत राहिले. त्या दोघी लांब मारत होत्या आणि झाडी धुंडाळत होत्या. आम्ही एकेक होल परत मिळवत बरोबरीवर आलो. शेवटच्या होलला माझा दुसरा फटका वाळूच्या खड्ड्याअलीकडे पडला. झेंडा वाळूच्या अगदी पलीकडे. त्या जोडीचा बॉल तितक्याच फटक्यांत ग्रीनवर होता. विहीणबाईंनी वेज घेतली, एकदा झेंड्याकडे बघितलं आणि मनगट फिरवलं. बॉल वाळूवरून गेला, पडला, थोडासा मागेच आला. मला फक्त फूटभरावरून बॉल खड्ड्यात ढकलायचा राहिला. त्या मुलींना ग्रीनवर तीन फटके लागले. माझा एकाच फटक्यात गेला. मी विहीणबाईंना मिठी मारली तेव्हा त्यांची टोपी पडली.

दुसरा सामना दुपारचा. तोवर खाडीकडून वारा सुटला होता आणि तो काही थांबेना. आमचा बॉल वाऱ्यात चढायचा आणि वरच अडकायचा. मी बॉल उजव्या पायाकडे घेऊन खालून मारून बघितला, दोन होल त्याने वाचवले. पण समोरच्या जोडीचा बॉल सपाट होता, वाऱ्याखालून निघून जात होता. आठव्या होलला त्या दोन होलांनी पुढे गेल्या आणि सामना तिथेच संपला. आम्ही हात मिळवले.

पाण्याच्या टाकीजवळ बसलो. विहीणबाई बूट काढून पाय चोळत होत्या.

"तुमचा बॉल असता तर दुपारी चाललो असतो," त्या म्हणाल्या.

"चाललो असतो," मी म्हटलं. "पण सकाळी हरलो असतो."

"तेही आहे." थोडं पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी दोन्ही खोकी गाडीत ठेवायची. सामन्याआधी वारा बघायचा आणि ठरवायचं. आणि तोवर मी तुमच्या बॉलने पळता फटका शिकणार. मला तो येत नाही, ही माझी लाज आहे."

"आणि मी ड्रायव्हर सरळ मारायला शिकणार."

"ते कठीण आहे," त्या म्हणाल्या. अगदी सरळ, तोंडावर.

मुलगा आम्हाला न्यायला आला होता. दोघींचे चेहरे बघत त्याने सावधपणे विचारलं, "भांडलात का?"

"खूप," विहीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मंगळवारी सकाळी साडेसहाला मैदानावर यायचं आमचं तोवर ठरलं होतं.