ऐंशीच्या वर थरथरणारं स्टेरिंग

सासूबाईंच्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलं, त्याच दिवशी परतीच्या वाटेवर आमच्या गाडीचं स्टेरिंग थरथरायला लागलं. सावनेर मागे पडलं होतं, रस्ता मोकळा होता. मी जरा वेग वाढवला आणि काटा ऐंशीवर गेला तसे माझे दोन्ही तळवे झिणझिणायला लागले. आधी वाटलं, माझेच हात कापताहेत. दिवसभर दवाखान्यात बसून थकवा आला होता. वेग सत्तरपर्यंत उतरवला तर सगळं शांत. पुन्हा वाढवला, पुन्हा थरथर. मागच्या सीटवर सासूबाई एका डोळ्याला पट्टी लावून टेकून बसल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नाही. पासष्टच्या वर न जाता, मागच्या ट्रकांचे हॉर्न खात, पांढुर्णा गाठलं.

मी पांढुर्ण्याला मराठी शाळेत शिकवते. गाडी चालवायला शिकले ती त्रेचाळिसाव्या वर्षी. माझे पती बैतूलला नोकरीला, शनिवारी घरी येतात. गाडी त्यांनीच घेतली होती, जुनी, दोन हातांतून आलेली. पण चालवायची गरज मला पडली. सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याला साखरेमुळे सूज आली होती आणि दर महिन्याला नागपूरला नेऊन इंजेक्शन द्यायचं होतं. एक डोळा जवळपास गेलेला होता. वाचवायचा होता तो दुसरा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी गावातल्या टायरवाल्याकडे नेली. त्याने चारही चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली, रिमला शिशाच्या पट्ट्या ठोकल्या, अलाइनमेंट करून दिलं. मी गाडी घेऊन हायवेवर गेले. थरथर जशीच्या तशी. परत आले.

"मॅडम, मशीन तं शून्य फरक दाखवून राहिली," तो म्हणाला. "तुम्ही स्टेरिंग लय घट्ट धरता. ढिल्ल्या हातानं धरा."

त्याच्या दुकानात दोन माणसं बसली होती, ती हसली. तो वाईट बोलला नव्हता, पण मला ते लागलं. उशिरा शिकलेल्या माणसाला आपण चुकतो आहोत हे पटवून द्यायला फार वेळ लागत नाही. घरी येऊन पतींना फोन केला तर ते म्हणाले, "जुनी गाडी हाये. साठच्या वर नेऊच नको ना." मी पुढचे आठ दिवस रोज हायवेवर जाऊन ढिल्ल्या हाताने स्टेरिंग धरून पाहिलं. ते ढिल्ल्या हातातही तसंच नाचायचं.

दुसऱ्या इंजेक्शनची तारीख जवळ आली तशी माझी झोप कमी झाली. साठने गेलो तर पहाटे निघावं लागणार. बसने जावं तर इंजेक्शननंतर उन्हात, धुळीत, गर्दीत त्यांना उभं करायचं. शेवटी एका सकाळी चहा देताना मी त्यांना म्हटलं, "आई, या वेळेस बसनं जाऊ या का?"

"काहून? गाडीले काय झालं?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मंग राहू दे वं. जेवढं दिसते तेवढ्यात भागते माहं. तुले काहून तरास?"

असं बोलायची त्यांची सवय नव्हती. मोहगावला त्यांनी तीस वर्षं पिठाची चक्की चालवली होती. सासरे शेतात आणि चक्की यांच्याकडे. मोटर बिघडली तरी मिस्तरी येईपर्यंत थांबणारी ही बाई नव्हती. पण नजर कमी झाली, एकदा फिरत्या पट्ट्याजवळ हात गेला, आणि आम्ही चक्की बंद करायला लावून त्यांना पांढुर्ण्याला आणलं. तेव्हापासून त्या घरात होत्या, पण पाहुण्यासारख्या. विचारलं तर बोलायच्या.

मला भरून आलं. मी थरथरीबद्दलच बोलत सुटले. ऐंशीला सुरू होते, नव्वदला जोरात असते, शंभरच्या जवळ कमी होते. त्या ऐकत होत्या. मग एकदम विचारलं, "ब्रेक मारला की वाढते का?"

"नाही. तेवढीच राहते."

"गिअर काढून पाह्यला?"

"म्हणजे?"

"चक्की हालाय लागली की मी आधी पट्टा काढो. पट्टा काढून नुसती मोटर चालवाची. मोटर हालली तं मोटरीचा दोष, नाई हालली तं चक्कीचा. तुह्या गाडीत इंजिन अलग करून पाह्य ना. चालू गाडीत गिअर काढता येते का नाई?"

येतो, मी म्हटलं. हे मला टायरवाल्याने विचारलं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. मोहगावला नात्यात बारसं होतं, तेवढं निमित्त पुरलं. रस्ता रिकामा पाहून मी पंच्याऐंशीवर गाडी नेली, क्लच दाबून न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज खाली बसला आणि स्टेरिंग मात्र थरथरतच राहिलं.

"थरथरून राहिलं?" मागून आवाज आला.

"हो."

"मंग इंजिन नाई. चाकच हाये. फिरते त्यातलंच काहीतरी वाकडं हाये."

"पण चाकं तर मशीनवर बरोबर आली, आई."

"मशीनले काय समजते," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर होता.

बारसं आटोपून परत येताना सौंसरला रस्त्याच्या कडेला एक गॅरेज दिसलं. पत्र्याचं शेड, बाहेर लिंबाचं झाड, आणि एक साठीचा मिस्तरी जीपखालून बाहेर येत होता. मी गाडी थांबवली आणि त्याला सगळं सांगितलं. तोही आधी म्हणाला, "बॅलन्सिंग करून घ्या." मी म्हटलं, झालं. मग तो डोकं खाजवायला लागला.

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, पुढचे चाकं मागं लाव अन् मागचे पुढं."

"त्यानं काय होईन, आजी?"

"दोष चाकात असन तं चाकासंगं मागं जाईन. गाडीत असन तं तिथंच राहीन."

मिस्तरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसला नाही. जॅक घेऊन आला. अर्ध्या तासात चाकं बदलली आणि म्हणाला, "चला, मीबी येतो." तो माझ्या शेजारी बसला, सासूबाई मागे. आम्ही बोरगावच्या दिशेने निघालो.

गाव संपलं. सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी. पंच्याऐंशी. स्टेरिंग हातात गप्प होतं. इतकं गप्प की मला खरं वाटेना. एक हात काढून घेतला, तरी गप्प.

"गेलं!" मी म्हणाले.

"कुठं गेलं," सासूबाई म्हणाल्या. "इथं आलं. माह्या बुडाखाली. डाव्या अंगानं."

मिस्तरीने मागे वळून सीटवर तळवा ठेवला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. "बरोबर हाये," तो म्हणाला. "मॅडम, वेग कमी करा. पन्नासनं परत चला."

त्याच्या आवाजातला बदल मला कळला. पण का ते विचारायचं धाडस झालं नाही.

गॅरेजात त्याने मागचं डावं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. चाक सरळ फिरत होतं. टायरवर नक्षी शिल्लक होती, चीर नाही, खिळा नाही. त्याने बॅटरी मारून आतल्या बाजूने पाहिलं. "दिसून तं काही नाई राहिलं," तो म्हणाला.

तोवर सासूबाई गाडीतून उतरल्या होत्या. मी हात धरायला गेले तर तो त्यांनी सोडवून घेतला. चाकाजवळ बसल्या, पदर खोचला आणि टायरवर तळहात सपाट ठेवला. "फिरव. हळू," त्या मिस्तरीला म्हणाल्या. चक्कीवर पीठ बारीक पडतं की जाडं हे त्या अशाच पाहायच्या. चिमूट बोटांत घेऊन, भलतीकडेच बघत. आताही त्या रस्त्याकडे बघत होत्या. एक फेरा झाला. दुसरा झाला.

"थांब. मागं घे. जरासं. इथं."

मिस्तरीने त्यांच्या हाताच्या जागी आपला हात ठेवला. दोनतीनदा फिरवला. मग त्याने एक सरळ पट्टी आणून टायरला आडवी लावली, तेव्हा मलाही दिसलं. रबर एका जागी फुगलं होतं, अर्ध्या सुपारीएवढं, बस. नजरेने बघत राहिलं असतं तर कधी सापडलं नसतं.

"आतल्या तारा सुटल्या," तो म्हणाला. "मशीनवर चाक हवेत फिरते, तेव्हा वजनात बरोबर येते. रस्त्यावर गाडीचं ओझं पडलं की ही जागा ठोकर मारते." मग टायर उतरवता उतरवता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, हे टायर घेऊन नागपूरले गेल्या असत्या तं रस्त्यात फाटलं असतं. पुढच्या चाकात फाटणं बेकार."

मी लिंबाच्या झाडाखाली बाकड्यावर जाऊन बसले. त्या टायरवर मी आठ दिवस, ढिल्ल्या हाताने, नव्वदने गाडी चालवली होती. अंगाला घाम सुटला. आणि त्या घामातच एक वेगळी गोष्ट हळूहळू लक्षात आली, की माझे हात चुकलेले नव्हते. पहिल्या दिवसापासून त्यांना खरंच काहीतरी कळत होतं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांचा तळहात काळा झाला होता.

"भ्याली काय वं?"

"हो."

"भ्याव लागते," त्या म्हणाल्या आणि मिस्तरीकडे पाणी मागितलं, आधी मला दिलं.

स्टेपनी लावून आम्ही घरी आलो. दोन दिवसांनी नवे टायर बसवले. दुसऱ्या इंजेक्शनला आम्ही सात वाजता निघालो आणि वेळेच्या आधी पोचलो. ऐंशी, नव्वद, स्टेरिंग पाण्यासारखं. सावनेरच्या आधीच सासूबाईंना झोप लागली, तोंड उघडं टाकून. मला बोलायला कोणी उरलं नाही याचा थोडा रागच आला.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं की सूज उतरते आहे. तक्त्यावरच्या दोन ओळी सासूबाईंनी जास्त वाचल्या. गेलेला डोळा परत येणार नाही, पण हा टिकेल असं दिसतं, ते म्हणाले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी त्या दोन ओळींतली अक्षरं मला पुन्हा म्हणून दाखवली. एक चुकलं होतं, ते मी सांगितलं नाही.

यानंतर काही दिवसांनी सौंसरच्या मिस्तरीचा फोन आला. मला वाटलं, टायरबद्दल असेल. तर तो जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, एक जीप आली हाये. वळणावर गुरगुर करते. तीन दिवस झाले, समजून नाई राहिलं. आजीले वेळ असन तं..."

मी आत जाऊन सांगितलं. सासूबाई पलंगावर उठून बसल्या, केस बांधायला लागल्या. "रविवारी येतो म्हण त्याले," त्या म्हणाल्या. "अन् म्हणावं, तोवर काही खोलू नको."

रविवारी आम्ही गेलो. त्यांनी जीपमध्ये बसून तीन चकरा मारल्या, डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली, प्रत्येक चाकाजवळ बसून कान लावला. शेवटी उतरून म्हणाल्या, "नाई समजलं भाऊ, मले." मिस्तरी म्हणाला, "मलेबी नाई." मग दोघांनी झाडाखाली बसून चहा घेतला, आणि चक्कीची बेअरिंग कशी ओरडते यावर अर्धा तास बोलत बसले. परतताना त्या वाटेभर त्याच जीपच्या विचारात होत्या. पांढुर्ण्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "डाव्या वळणावर आवाज जास्त हाये, तवा ओझं उजव्या अंगावर येते. घरी गेलो की त्याले फोन लावून देजो. उजव्या चाकाचं बेअरिंग पाह्य म्हणतो."