बाबांचं कोरं बोट
मतदानाच्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्याकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. माझ्या बायकोला म्हणाले, "चांगले कप काढून ठेव गं. सरकारी असली तरी माणसंच ती, दमलेली असतात."

कुणी येणार नव्हतं. ते मला ठाऊक होतं.

फार म्हाताऱ्या माणसांचं मत घरी येऊन घेतात, पण त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो. आणि ती माणसं मतदानाच्या दिवसाआधीच येऊन जातात. निवडणुकीच्या कामावरच्या एक शिक्षिका अर्ज घेऊन आमच्या दारात आल्याही होत्या. "कशाला? मी नेईन की त्यांना खाली," असं तोऱ्यात सांगून मी त्यांना परत पाठवलं. मग ऐन दिवशी लिफ्ट बंद पडली. आम्ही चौथ्या मजल्यावर. समोरचे गुजराती काका सकाळीच येऊन म्हणाले, "अरे, कुर्सी में बिठाके उतार देंगे. तू है, मैं हूँ. कितना टाइम लगेगा?"

"नहीं काका, वो लोग घर पे आनेवाले हैं," मी बोलून गेलो. बाबांनी ते आतून ऐकलं आणि दाढीसाठी हाक मारली.

पुढे बरेच दिवस मी स्वतःला कंबरदुखीचं कारण देत राहिलो. माझी कंबर दुखत नाही. बाबांना लघवीची पिशवी लावलेली आहे. खुर्चीला लटकणारी ती पिशवी घेऊन शाळेच्या आवारात, अख्ख्या सोसायटीच्या रांगेत उभं राहायची मला लाज वाटली. बस, एवढंच.

मी एकटा जाऊन मत देऊन आलो. बोटावरची शाई त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून हात खिशात घालूनच घरात शिरलो. बेल वाजली की बाबा सदरा सारखा करायचे. इस्त्रीवाला येऊन गेला, कुरिअरवाला येऊन गेला. दुपारी ते खुर्चीतच जेवले, सदऱ्यावर नॅपकिन टाकून. संध्याकाळी टीव्हीवर मतदान संपल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "राहून गेलं त्यांच्याकडून. एवढा मोठा देश. एखादा म्हातारा राहणारच." बायकोने कप पुन्हा कपाटात ठेवले.

निकालाच्या दिवशी त्यांची औषधं आणायला मी केबिन रोडला गेलो. असा निकाल आजवर लागलाच नव्हता, जो तो हेच बोलत होता. मोबाइलच्या दुकानासमोर गर्दी करून लोक आतला टीव्ही बघत होते. ओळख ना पाळख, पण एकमेकांच्या हातावर पेढे ठेवत होते. राजकारणाचं मला कधी फारसं काही वाटलेलं नाही. पण तिथे उभ्या उभ्या ऊर भरून आला, हे खोटं नाही. वाटलं, उन्हात रांगा लावून हे आपण केलं; या देशाचं अजून काहीतरी चांगलं होईल. कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं. आणि मग पांढऱ्या सदऱ्यातले बाबा डोळ्यांपुढे आले. हातातला पेढा खाववेना.

तो कागदात गुंडाळून घरी आणला. बाबा टीव्हीसमोर होते. डोळे पाणावलेले. "बघितलंस? करून दाखवलं लोकांनी," ते म्हणाले. त्या लोकांत ते स्वतःला धरत नव्हते.

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि सगळं सांगितलं. शिक्षिका, अर्ज, पिशवीसुद्धा.

त्यांनी मुक्या टीव्हीवरून नजर माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "म्हणजे दारात येऊन गेली होती ती बाई?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"हो, बाबा."

त्यांचा चेहरा उजळला. "विसरले नव्हते तर," स्वतःशीच म्हणाले. खरं सांगतो, मला वाटलं मी सुटलो. मी पेढा पुढे केला. त्यांनी घेतला, पण खाल्ला नाही. बशीत ठेवून दिला.

संध्याकाळी काका मिठाई घेऊन आले. बाबा त्यांना म्हणाले, "अगली बार आप लेके चलना मुझे, भाई. इसको मत बोलना." काका मोठ्याने हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

पिशवी अजूनही मीच रिकामी करतो. फक्त आता मी खोलीत शिरलो की बाबा आधी टॉवेल ओढून ती झाकून घेतात.