धाकट्या आजीची दुर्बीण

बाळांनो, तुमच्यापैकी एकीने तिकडे नेमबाजी सुरू केली आहे. परवा फोनवर तिने दुर्बिणीतल्या रेघांचं कोडं विचारलं, ते धाकट्या आजीला. ती "मागनं कळवते" म्हणाली. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. धाकटीचं उत्तर पोहोचायच्या आत माझं पोहोचावं, म्हणून आजच लिहायला घेतलं आहे.

तुमच्या आजोबांच्या रायफलवर तशीच दुर्बीण होती. मध्ये फुली आणि फुलीखाली बारीक रेघा. गोळी जितकी लांब जाते तितकी खाली उतरत जाते. म्हणून जवळच्या नेमाला फुली धरायची, त्यापुढच्याला पहिली रेघ, आणखी पुढच्याला दुसरी. खालची रेघ नेमावर आणली की नळी आपोआप वर उचलली जाते. मात्र आधी फुली अचूक बसवलेली हवी. ती हलली की सगळ्या रेघा खोट्या. हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. कॉलेजात एनसीसीमध्ये मी दुर्बिणीशिवाय नेम मारले होते.

डिंभ्याकडे, गावच्या घराच्या वर आपला माळ आहे, मागे डोंगराचा उतार. उतारापाशी चुना फासलेले तेलाचे डबे मांडलेले असत. आजोबा सतरंजीवर पालथे पडून नेम धरत आणि गोळी कुठे लागली ते मी शेजारी बसून सांगत असे. ती जागा माझी होती.

एका खंडेनवमीला धाकटीने, म्हणजे माझ्या जावेने, पूजा मांडली. कोयता, विळा, पहार, रायफल, प्रत्येकाला वेगळं फूल, वेगळं हळदकुंकू. दुर्बिणीलाही तिचा मान हवा, म्हणून स्क्रू सोडून ती काढली, पाटावर वेगळी पुजली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या अंदाजाने परत बसवून टाकली.

त्याच सकाळी, दसऱ्याला, आजोबांची एकही गोळी डब्याला लागेना. फुली धरली तरी नाही, रेघ धरली तरी नाही. धाकटी डोक्यावर पदर ओढून पुढे आली.

"भावजी, म्या काढली व्हती ती. पुजेला."

आता ही बोलणी खाते, असं मला वाटलं. वाटलं कसलं, मी वाट बघत होते. आजोबा हसले.

"मग जिनं काढली तिनंच बसवायची. ये, पड पालथी."

त्यांच्यासमोर कधी खुर्चीत न बसलेली ही बाई सतरंजीवर पालथी पडली. आणि माझ्या जागेवर आजोबा बसले.

"भावजी, डबा लई हलतोय."

"डबा न्हाई हलत, तू हलतीयास. श्वास धर, मग ओढ."

सकाळ सरत आली तेव्हा फुली जाग्यावर बसली. मग त्यांनी तिला लांबच्या डब्यावर दुसरी रेघ धरायला लावली. टण्ण!

"जाऊबाई, वाजला! ऐकलं का?"

"ऐकलं," म्हणून मी चहा करायला उठले. चहा कुणी मागितला नव्हता.

संध्याकाळी मी आजोबांना म्हणाले, "मला कधी असं शिकवलं नाहीत."

"तुला काय शिकवायचं? तुला येतंच की सगळं."

ते कौतुक होतं म्हणे. मला ते अजून पटलेलं नाही. पुढे माळावर जायची वेळ झाली की ते हाक मारत ती धाकटीला, आणि मी सोबत जाणं हळूहळू सोडलं.

आजोबा गेल्यावर रायफल विकावी लागली. परवाना त्यांच्याच नावावर होता. दुर्बीण त्यांनी आधीच धाकटीला दिली होती. "जाऊबाई, तुमी ठेवा की," ती म्हणाली. मी नको म्हटलं.

रेघांचं तिलाच विचारा. तिला माझ्याहून जास्त कळतं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. दुर्बीण तिच्या कपाटात आहे, आणि घरात आता आम्ही दोघीच आहोत.