लाल गाडीचे तीन पाइप

कलमांना पाणी घालायचा हिरवा पाइप मी मोटारीच्या इंजिनाला लावला, आणि लावून झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण आमच्या आळीत ते आता सगळ्यांना माहीत आहे.

पाइप मापात अगदी बसला होता. मी शाळेत मास्तर असलो तरी आंब्याच्या चाळीसेक कलमांचा मालक आहे, आणि बागवाल्याला पाइप म्हणजे पाइप. ज्यातून पाणी जातं त्यातून हवा का जाणार नाही, इतका साधा हिशेब. कोयत्याने तीन तुकडे केले, जुन्याच क्लिपा आवळल्या आणि किल्ली फिरवली. पेडलवरचा पाय उचलला की थरथरून बंद पडणारी गाडी एका लयीत चालू राहिली. मी ती घेऊन सरळ रस्त्यावर निघालो. भाट्याचा पूल ओलांडला, पुढे चढ लागला, आणि चढाच्या मध्यावर बॉनेटमधून निळा धूर यायला लागला. गाडी बंद पडली. उघडून बघतो तर हिरवा पाइप उन्हात पडलेल्या केळीच्या सालीसारखा चपटा झालेला, तेल बघायची सळी आपल्या जागेवरून उडून बाजूला पडलेली, आणि सगळीकडे तेल.

मासळीची टोपली घेऊन रिक्षात बसलेली एक बाई रिक्षा थांबवून म्हणाली, "मास्तर, गाडी तळताव काय?"

मी हसलो. हसायला हवं होतं म्हणून हसलो. त्या दिवसांत मी सगळं तसंच करत होतो.

गाडी माझी नव्हे. थोरल्या भावाची. दोन दारं, दोन माणसांपुरती जागा, लाल रंग, माझ्या लग्नाच्या सुमाराला कुठल्यातरी परदेशी कारखान्यातून बाहेर पडलेली. दादाने ती मुंबईत जुनी घेतली, तिथे ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या शेडमध्ये आणून उभी केली. दर मे महिन्यात आणि गणपतीत तो यायचा, पिशव्या ओटीवर टाकायचा आणि आधी शेडमध्ये जायचा. मग आम्ही दोघं त्यात बसून गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन यायचो. चालवायचा तो. मी डावीकडे, गुडघे छातीशी घेऊन. इतक्या वर्षांत मी ती एकदाही चालवली नव्हती. चालवली ती भाट्याच्या चढावर, त्या दिवशी.

दादा दिवाळीनंतर गेला. सकाळी, चहा घेता घेता. फोन आला तेव्हा मी पलीकडच्या माणसाला विचारलं, वहिनीने काही खाल्लं का. मग मुंबईच्या रेल्वेची वेळ बघितली, शाळेत रजेचा अर्ज दिला, पाण्याच्या बाटल्या भरल्या. तिकडे गेल्यावर लाकडं, माणसं, कागद, सगळं मीच बघितलं. लोक म्हणत होते, किती खंबीर आहे. खंबीर कसला. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग तासभर ओठ आपला नसतो, आपण चहा पितो आणि तो हनुवटीवरून ओघळतो तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळतं, तसं काहीतरी होतं. मी आपला लोकांच्या तोंडाकडे बघून काय झालंय ते समजून घेत होतो.

दहावा इकडेच केला, खाडीच्या काठावर. पिंडाला कावळा शिवेना. माडांवर बसलेले, पण खाली कोणी येईना. मग प्रथेप्रमाणे एकेक जण हात जोडून पुढे झाला. वहिनी म्हणाली, पोरीची काळजी करू नका. मामा म्हणाले, घराचं सगळं नीट करू. अर्धा तास झाला. ऊन डोक्यावर आलं होतं आणि, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, मला भूक लागली होती. मी पुढे झालो आणि तोंडाला आलं ते बोललो. "दादा, तुझी गाडी मी चालू ठेवतो."

कावळा लगेच उतरला. एक नव्हे, तीन उतरले.

तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वहिनी तोंडाला पदर लावून रडली. त्या क्षणापासून त्या गाडीची जबाबदारी माझी झाली, आणि मला बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं.

नंतर महिने गेले. गाडी शेडमध्ये, मी शाळेत. आठवड्यातून एकदा चालू करायचो, ती थरथरायची, बंद पडायची, मी शेडचं दार लावून घ्यायचो. मग एप्रिलच्या अखेरीस पुतणीचा फोन आला. ती मुंबईत नोकरी करते, तिला आता गाडी ठेवायला जागा मिळाली होती. रविवारी येऊन गाडी चालवत नेते म्हणाली. मागून वहिनीचा आवाज आला. ती पुतणीला सांगत होती, पण मला ऐकू जाईल असं. चालत आली तर आण, नाहीतर तिथेच भंगारात देऊन ये, मला रोज रोज त्या गाडीचं काय झालं ते विचारायला नको आणि ऐकायला नको.

रविवारच्या आत ती चालती व्हावी म्हणून चिरलेल्या तीन पाइपांच्या जागी मी हिरवा पाइप लावला होता.

ओळखीच्या टेंपोने दोर बांधून गाडी घरी आणली. बायको पायरीवर उभी राहून सगळं बघत होती. पाइपचा चपटा तुकडा तिने दोन बोटांत धरला. ही बागेची कामं माझ्यापेक्षा जास्त करते, तिला तो लगेच ओळखू आला.

"हा उन्हात ठेवला तरी मऊ पडतो. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत होतं.

"तुम्हाला ती गाडी जायला नको आहे का?"

मी खरंच विचार केला. "मला काही हवंही नाही आणि नकोही नाही," मी म्हणालो. ती तुकडा कचऱ्यात टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मिरकरवाड्याला गेलो. तिथे मच्छीमार लाँचची इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. असली गाडी त्याने जन्मात बघितली नसेल, पण गावातल्या दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले होते. तो संध्याकाळी आला, इंजिनावर वाकला आणि हिरव्या पाइपची गोष्ट ऐकून फडक्याने तोंड पुसत राहिला. बहुधा हसू आवरत असावा.

मग त्याने समजावलं. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ साठते. ती बाहेर काढून परत हवेच्या वाटेत सोडायला हे पाइप असतात. जुने चिरले की चिरेतून बाहेरची हवा आत जाते आणि गाडी थरथरते. मी लावलेला पाणी घालायचा पाइप गरम होऊन चपटला, वाट बंद झाली, वाफेने मग सळी उडवली.

"सर, माणसाचं नाक दाबलंत तर तो कुठूनतरी फुटणारच," तो म्हणाला. "इंजिन वाचलं ते नशीब."

त्याने खिशातून दोरा काढून जुन्या पाइपांची मापं घेतली. जुने तिन्ही पाइप मी टाकून दिले नव्हते, हे माझं एकमेव शहाणपण. त्यातल्या सगळ्यात जाड पाइपला दादाने काळी टेप गुंडाळली होती, थरावर थर. पाइप काढताना मी ती सोडवली नव्हती. मिस्त्री म्हणाला, आतली चीर कुठे आहे ती बघू, नवा पाइप तिथेच घासायला नको. म्हणून मी सोडवायला बसलो.

टेपखाली बँडेज निघालं. दवाखान्यातलं, पांढरं, आता तेलाने तपकिरी झालेलं. त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि तो शिवलेला. सुईदोऱ्याने, नीट टाके घालून. दादाला साधं बटण लावता यायचं नाही.

मला वाटलं, आता रडू येईल. थांबलोसुद्धा. मिस्त्रीही थांबला, तो शहाणा माणूस आहे. काही आलं नाही. टेपचा चिकटा बोटांना लागला होता, तेवढंच जाणवत होतं. मी आत जाऊन रॉकेलने हात धुतले. परत आलो तर मिस्त्रीने ती ट्यूब आणि बँडेज वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं.

शनिवारी तो लाँचच्या इंजिनाला लावतात तो जाड रबरी पाइप घेऊन आला. तेलाला टिकणारा, आत सुताची जाळी असलेला. दोन सरळ पाइप पंधरा मिनिटांत बसले. तिसऱ्याला मध्ये काटकोनात वळण होतं, तिथे सरळ पाइप वाकवला की मोडत होता. त्याने पिशवीतून एक पितळी एल्बो काढला, पाइपचे दोन तुकडे करून तो मध्ये घातला. नव्या क्लिपा त्याने मला आवळायला लावल्या. "फार नको, सर. रबर कापलं जातं," एवढंच म्हणाला. मी चारदा विचारलं, पुरे का.

गाडी चालू केली. पाय काढला. चालू राहिली. आम्ही अर्धा तास तिच्याकडे बघत उभे राहिलो, पाइप हाताने दाबून बघितले, गरम होते पण कडक होते.

रविवारी पुतणी सकाळच्या रेल्वेने आली. चहा घेतला, शेडमध्ये गेली, सीटवर बसली आणि स्टेअरिंगवर कपाळ टेकून रडली. मी बॉनेट उघडून क्लिपा तपासत होतो. माझी तपासणी संपेपर्यंत तिचं रडणं संपलं. मग म्हणाली, काका, हातखंब्यापर्यंत चला माझ्याबरोबर. मी डावीकडे बसलो. तिला सांगत राहिलो, साठच्या वर जाऊ नको, चिपळूणला थांब, तेल बघ, सळी पुसून बघ. ती हो म्हणत राहिली. मध्ये एकदा म्हणाली, "काका, बाबा पण असंच बोलत बसायचे."

मला ते पटलं नाही. दादा गाडीत गप्प असायचा. बडबड मीच करायचो. पण मी पुन्हा तेलाचंच सांगायला लागलो.

हातखंब्याला उतरलो. ती महामार्गाला लागली, मी ट्रकांच्या आवाजात तिचं इंजिन ऐकत उभा राहिलो, मग ते ऐकू येईना. समोर एसटी उभी होती, चढलो. कंडक्टरकडे रत्नागिरी मागितली तर तो म्हणाला, ही राजापूर गाडी आहे काका, पाटी वाचत नाही काय. मला पालीला उतरवलं. तिथे परतीच्या गाडीसाठी तासभर बसलो. एक सोडा प्यायलो. घरी पोचायला दोन वाजले.

बायकोने पान वाढलं. पुतणीचा फोन येऊन गेला होता. चिपळूणला थांबून तिने तेल बघितलं होतं, तेल जिथल्या तिथे होतं, आणि गाडी सिग्नलला उभी राहिली तरी बंद पडत नव्हती. मी बरं म्हटलं. जेवलो. हात धुतले, आणि अंगणात पडलेले आंब्याचे रिकामे क्रेट उचलून शेडमध्ये नेऊन रचायला लागलो. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला बायको शेडच्या दारात उभी होती.

"ते क्रेट बाहेर काढा," ती म्हणाली. "पावसाला अजून महिना आहे. तोपर्यंत गाडीच्या जागेवर काही ठेवू नका."